गसकाकांचं मधलं बोट

गसकाकांच्या उजव्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. बाजारातून आणलेलं आलं जसं दिसतं, एक फाटा इकडे, एक तिकडे, मधे गाठी, तसा तो हात दिसायचा. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा शेजारी म्हणून ते भेटायला आले, आणि आईने हात मिळवायला म्हणून तो हात धरला तो सोडेचना. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे कुणाच्याही शरीराकडे ती तपासायच्या नजरेने बघायची. "अहो, यांना विचारा ना, कशाने झालं हे," ती बाबांना मराठीत म्हणाली. बाबांना असलं काही विचारणं असभ्य वाटायचं, म्हणून त्यांनी हवेबद्दल विचारलं. शेवटी मी विचारलं. मी नऊ वर्षांची होते आणि घरात सगळ्यात बरं इंग्रजी माझं होतं. गसकाका खूश झाले. एकेक बोट धरून ते गावांची नावं सांगायला लागले. अंगठा शिकागोचा, करंगळी क्लीव्हलंडची, तिच्याशेजारचं सेंट लुईसचं, तेही दोनदा. मधल्या बोटापाशी आल्यावर मात्र ते थांबले आणि म्हणाले, "हे पुन्हा कधीतरी."

गस कोवालिक हे मोठ्या लीगमध्ये चार सीझन खेळलेले बेसबॉलचे कॅचर होते. महायुद्ध संपून लोक पुन्हा स्टेडियम भरायला लागले होते, तो काळ. चार सीझन म्हटलं की पुष्कळ वाटतं, पण त्यातले बहुतेक दिवस ते बाकावर बसून होते, कारण त्यांच्या संघाचा पहिला कॅचर खेळायला चांगला होता आणि, काकांच्या शब्दांत, "दुर्दैवाने तब्येतीनेही चांगला" होता. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा माणूस. चेंडू टाकणाऱ्या पिचरला तो मांड्यांच्या आडोशाने बोटं दाखवून खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगात, दोन म्हणजे वळणारा. खूण ठरलेली असल्यामुळे चेंडू कुठे येणार हे कॅचरला आधीच माहीत असतं. ज्या दिवशी नसतं, त्या दिवशी बोटांचं आलं होतं.

आमच्या घरात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही असा नियम होता, आणि तो मिशिगनमध्येही लागू आहे असं आईने जाहीर केलं होतं. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी जाऊन "गसकाका" अशी हाक मारली. ते नळी घेऊन टोमॅटोला पाणी घालत होते. त्यांनी पाणी बंद केलं. त्यांची बायको डोलोरेस मागच्या दारातून बाहेर आली आणि तोंडावर रुमाल धरून परत आत गेली. दोघांचेही आईबाप पोलंडचे. लहान मूल लंगोटात जे करून ठेवतं त्याला त्यांच्या घरात काका म्हणत. संध्याकाळी बाबा दिलगिरी व्यक्त करायला गेले, आणि पर्याय म्हणून त्यांनी "मामा" सुचवला. सहा फूट उंच, मानेला बैलासारखी जाडी असलेल्या माणसाला सगळ्या गल्लीदेखत ममा म्हणून हाक मारली जाणार, याचा काकांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, "पहिलंच राहू दे." तेव्हापासून ते शेवटपर्यंत गसकाकाच राहिले. मला ते मॅडी म्हणत. माधवी हे नाव त्यांच्या तोंडात एकदाही पूर्ण बसलं नाही.

ते घर आठवलं की मला आधी आवाज ऐकू येतात. काकांच्या पोर्चवर उन्हाळाभर रेडिओवर मॅच चालू असायची, आणि आमच्या किचनच्या खिडकीतून कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या आठवड्यात शिट्टी ऐकून, धोक्याचा भोंगा समजून, डोलोरेसकाकू जिन्याखाली जाऊन बसल्या होत्या. पण काकांना त्या शिट्ट्या आवडायला लागल्या. बेसबॉलमध्ये तीन चेंडू चुकले की बॅट्समन बाद होतो, म्हणून ते मोजायचे आणि तिसऱ्या शिट्टीला पोर्चवरून शांतपणे "आउट" म्हणायचे. आई गॅस बंद करायची. डाळ कधी जास्त शिजली असेल तर काका घरी नसले पाहिजेत, असं आम्ही समजायचो. डोलोरेसकाकू बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी पाठवायच्या. आई त्यांना उकडलेल्या करंज्या म्हणायची आणि बाबा त्या लसणाच्या चटणीबरोबर खायचे. एकदा काकांनी ती चटणी चाखली, आणि मग दर शनिवारी ती कुंपणावरून पलीकडे जायला लागली. पुढे कधीतरी आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका मावशींनी काकांना त्या चटणीत बुडवून सॉसेज खाताना पाहिलं. संध्याकाळचं जेवण त्यांनी बेताचंच केलं.

थंडी पडली की काकांचे सांधे सुजायचे. आईने त्यावर हळद आणि तेलाचा गरम लेप सुरू केला. लेप वाळेपर्यंत हात वर धरून बसायचा. बाकीची बोटं काकांना मिटता येत होती, पण मधलं मिटतच नसे. ते अर्धवट वाकून तसंच उभं राहायचं. तर हा मोठा माणूस पोर्चवर खुर्ची टाकून, पिवळंधमक मधलं बोट रस्त्याकडे करून अर्धा अर्धा तास बसलेला असायचा. टपाल टाकायला येणाऱ्या बाईने दोन दिवस त्यांचं टपाल आमच्याकडे टाकलं. आईला त्या बोटाचा अमेरिकन अर्थ माहीत नव्हता, आणि मी सांगितला नाही.

मला कॅचिंग शिकवायचं काकांच्या मनात नव्हतं. मीच कुंपणावर चढून बसायचे. शेवटी कंटाळून त्यांनी मला मागच्या अंगणात उकिडवं बसवलं, हात मागे बांधायला सांगितले आणि टेनिसचा चेंडू माझ्या छातीवर मारला. "डोळे मिटलेस," ते म्हणाले. पुन्हा मारला. "पुन्हा मिटलेस." असे दोन आठवडे गेले. डोळे उघडे राहायला लागले तेव्हा त्यांनी मला हात परत दिले. बाबा खिडकीतून हे बघत होते. बाबा म्हणजे गाडीच्या ब्रेकवर काम करणारे इंजिनिअर, पण त्याआधी सांगलीच्या कॉलेजच्या टीमचे विकेटकीपर. ते बाहेर आले आणि म्हणाले, की मुलगी चुकीचं शिकतेय, दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज हवेत. काका म्हणाले, दोन ग्लोव्ह्ज घातले तर फेकणार कशाने. बाबा म्हणाले, विकेटकीपर मुळात इतका फेकत नाही, तो स्टंपिंग करतो. तो वाद सात वर्षं चालला. मला वाटतं दोघांनाही तो मिटायला नकोच होता.

परवा, मी आता राहते त्या हर्नडनमधल्या डॉक्टरने माझ्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यावर धरला आणि विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?" म्हटलं, शाळेच्या लायब्ररीत होते. त्याचा काही विश्वास बसला नाही. मग शाळा आणि कॉलेज मिळून आठ वर्षं सॉफ्टबॉलची कॅचर होते हे सांगितलं, तेव्हा कुठे तो समाधानाने लिहायला लागला.

मधल्या बोटाची गोष्ट मला काकांनी नाही, डोलोरेसकाकूंनी सांगितली, पिरोगीच्या कडा दाबता दाबता. सीझनची शेवटची मॅच होती, थंडी पडायला लागली होती. जिंकले तर संघ पुढे जाणार होता. पहिला कॅचर अखेर आजारी पडला होता आणि काका खेळत होते. चेंडू टाकायला रे हॅलोरन, काकांचा जिवलग मित्र, त्यांच्या लग्नातला साक्षीदार. शेवटच्या डावात एक चेंडू काकांच्या हातून सुटून मागच्या जाळीपर्यंत गेला, तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, थांबलेला समोरचा खेळाडू धावत येऊन जिंकणारी धाव काढून गेला, आणि सीझन संपला. स्कोअरबुकात असल्या चेंडूची दोनच घरं असतात: चूक पिचरची तरी, नाहीतर कॅचरची. ती काकांच्या नावावर लिहिली गेली. पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. ते हार्डवेअरच्या दुकानात लागले. रेबरोबर भांडण असं झालं नाही, फक्त फोन बंद झाले. "आणि बोट?" मी विचारलं. काकूंनी पिठाचा हात झटकला. "ते त्या मॅचच्या चार दिवस आधीच मोडलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खेळवलं असतं का?"

मी अकरा वर्षांची असताना गावच्या उन्हाळी पिकनिकला फायर ब्रिगेड विरुद्ध जुने खेळाडू अशी मॅच ठरली. ठरवणाऱ्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी उत्साहाने शेजारच्या राज्यातल्या टोलेडोहून रे हॅलोरनना बोलावलं आणि कार्यक्रमपत्रिकेवर दोघांची नावं शेजारी शेजारी छापली. काका येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. ते आले. खेळायचं म्हणून आईने सकाळी बोटांना लावलेला लेप त्यांनी धुतलासुद्धा नव्हता. रे उंच, कृश, पांढऱ्या भुवयांचे. दोघांनी मान हलवली, बस्स. खेळ सुरू झाला, आणि दोन डाव रे काकांची पिवळी बोटं बघून चेंडू टाकत राहिले आणि काका झेलत राहिले. पन्नाशी कधीच मागे पडलेली ती दोन माणसं एक शब्द न बोलता इतकी बरोबर खेळत होती, की खाणं सोडून लोक दोरीपाशी येऊन उभे राहिले.

तिसऱ्या डावात काका उठेनात. आधी वाटलं विचार करताहेत. मग अंपायरने वाकून विचारलं, आणि काका म्हणाले, "गुडघे अडकले." उकिडवे बसले होते तसेच ते अडकले होते, सरळ करायला गेलं की ओरडत. शेवटी विरुद्ध टीमच्या चार जणांनी त्यांना त्याच अवस्थेत, मास्कसकट, एका फळीवर ठेवून उचललं आणि मैदान ओलांडून झाडाच्या सावलीत नेलं. लोक टाळ्या वाजवत होते. फळीवर काका मांड्या फाकवून, एक पिवळा हात आशीर्वादासारखा वर करून बसले होते. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला, आणि तरी तिच्या तोंडून हळूच "मोरया" निघालंच.

आता कॅचर कोण, असा प्रश्न आला. बाबा पुढे झाले. त्यांनी पिकनिकसाठी इस्त्रीची पँट घातली होती. "मी विकेटकीपर होतो," त्यांनी रे हॅलोरनना सांगितलं, आणि रेना त्याचा अर्थ न कळल्यामुळे ते हो म्हणाले. बाबांनी मास्क उलटा चढवला. तो मी सुलटा केला. खुणा मी त्यांना तिथेच शिकवल्या: एक सरळ, दोन वळणारा. बाबांना पद्धत आवडली. इंजिनिअरला आवडेल अशीच ती आहे. त्यांनी खाली बसून दोन बोटं दाखवली. रेनी मान हलवली आणि चेंडू टाकला. तो सरळ आला, सणसणत, आणि बाबांच्या खांद्यावर आपटून जाळीत गेला.

बाबा उठले. मास्क काढून काखेत धरला आणि शांतपणे चालत पिचरपाशी गेले. मी मागोमाग गेले, कारण बाबांचं इंग्रजी रागात व्याकरणशुद्ध आणि कळायला अवघड व्हायचं. पण बाबा रागावलेले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"मी दोन दाखवली," ते म्हणाले. "तुम्हाला दोन दिसली का?"

"दिसली."

"मग एकचा का टाकला?"

रे तिथेच मातीच्या उंचवट्यावर खाली बसले. "बोटं गार पडली होती," ते म्हणाले. "वाटलं, वळणारा नीट वळणार नाही. म्हणून मनाने बदलला. सांगायचं राहिलं." मग म्हणाले, "हे मी आधीही एकदा केलंय." जुलै महिना होता आणि बोटं गार पडण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ते कुठल्या चेंडूबद्दल बोलताहेत हे मला कळलं. बाबांना कळलं नाही. ते म्हणाले, "मग त्या वेळच्या कीपरला सांगायला हवं होतं."

रे उठले आणि मैदान ओलांडून झाडाखाली गेले. मी धावत पुढे. काकांचे गुडघे एव्हाना सुटले होते आणि ते गुडघ्यांवर बर्फाची पिशवी ठेवून पाय पसरून बसले होते. रेनी जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं. त्या दिवशी दोन बोटं स्पष्ट दिसली होती. चूक माझी होती. तू काही बोलला नाहीस म्हणून मीही बोललो नाही. मग बोलायला फार उशीर झाला.

काका आता रडतील किंवा मिठी मारतील असं मला वाटलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "तुला दोन दिसणं शक्यच नाही," ते म्हणाले. "हे बोट मोडलेलं होतं. ते वर येतच नव्हतं. तुला एकच दिसलं."

"दोन दिसली, गस."

"एक. मी पंचवीस वर्षं हे मनात घेऊन बसलोय. माझं बोट होतं, मी लपवलं, म्हणून मॅच गेली. आता तू येऊन दया दाखवतोस?"

"दया कसली? मीच हरवली मॅच."

"तू नाही हरवलीस. मी हरवली."

लोक बटाट्याच्या सॅलडच्या प्लेट्स घेऊन भोवती जमले होते. एक मॅच हरल्याचं श्रेय घेण्यासाठी दोन म्हातारे एकमेकांवर ओरडत होते. शेवटी रेनी टोपी घातली आणि ते गाडी चालवत टोलेडोला निघून गेले. डोलोरेसकाकू आईला म्हणाल्या, "इतकी वर्षं ते नुसते बोलत नव्हते. आता भांडलेत. आधीपेक्षा हे बरं."

पण महिना झाला तरी काही हललं नाही. काका पोर्चवर बसायचे, पण रेडिओ बंद. कुकरच्या शिट्ट्या चार झाल्या तरी तिकडून आवाज नाही. त्या महिन्यात आम्ही पुष्कळ गरगट वरण खाल्लं. मला आता वाटतं, एवढी वर्षं सांभाळलेला अपराध कोणी अचानक काढून घेतला की माणसाला मोकळं वाटत नाही, घरातली जड वस्तू कोणीतरी न विचारता हलवल्यासारखं वाटतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की काका अंगणात येत नाहीत. ऑगस्टच्या शेवटी रे पडले, कमरेचं हाड मोडलं आणि ते हॉस्पिटलमध्ये आहेत असा निरोप आला. काका त्या दिवशी दुपारी आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी क्लच दाबता येत नाही." एवढंच. बाबांनी किल्ल्या घेतल्या. आईने डबा भरून दिला, आणि मी मागच्या सीटवर बसले.

टोलेडोच्या त्या खोलीत रे पाय वर टांगून पडले होते. काका खुर्ची ओढून बसले. मग रे म्हणाले, "दोन दिसली होती," आणि काका म्हणाले, "एक," आणि मला वाटलं झालं, आता निघायचं. बाबा खिडकीपाशी उभे होते. ते घसा साफ करून म्हणाले, "मला एक सांगा. तो चेंडू लिहिताना तुमच्याकडे तिसरं घर नसतं का?"

"कसलं घर?" रेनी विचारलं.

"क्रिकेटमध्ये असतं," बाबा म्हणाले. "बॅटला न लागता चेंडू कीपरच्या मागे गेला आणि त्यावर धावा निघाल्या, तर बऱ्याचदा त्या कोणाच्याच नावावर लिहीत नाहीत. बोलरच्या नाही, कीपरच्या नाही. वहीत खाली वेगळी ओळ असते. एक्स्ट्रा. मराठीत आम्ही अवांतर म्हणतो."

"म्हणजे चूक कोणाची?"

"ते विचारत नाहीत. धावा झाल्या, त्या मोजल्या. खेळ पुढे चालू."

दोघेही बाबांकडे बघत राहिले. दोन वर्षं बाबा काकांना क्रिकेट समजावत होते आणि पहिल्यांदाच कोणीतरी ऐकत होतं. काका म्हणाले, "कोणाच्याच नाही?" बाबा म्हणाले, "कोणाच्याच नाही." रेनी छताकडे बघून तो शब्द म्हणून पाहिला, "अवांटर," आणि मग त्यांना हसू आलं. हसल्यावर कमरेत कळ आली, ते कण्हले, आणि कण्हताना पाहून काका हसायला लागले. नर्स आत येऊन रागावून गेली. मग काकांनी डबा उघडला आणि मोडक्या बोटांनी थालीपिठाचा तुकडा मोडून रेच्या हातात दिला. तुकडा खाऊन रे म्हणाले, "मला दोन दिसली होती, पण ते असू दे." काका म्हणाले, "असू दे."

रे त्यातून बरे झाले. पुढची नऊ वर्षं ते दर उन्हाळ्यात टोलेडोहून यायचे, पोर्चवर काकांशेजारी बसायचे आणि मी अंगणात चुकले की दोघं मिळून माझ्या चुका मोजायचे.

त्या दिवशी परत येताना काका पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. बाबांना वाटलं झोपले. मग राज्याची हद्द ओलांडताना त्यांनी विचारलं, "ते तुमचं क्रिकेट. एक मॅच किती चालते?"

"मोठी असेल तर पाच दिवस."

"मधे जेवायला थांबतात?"

"जेवायला आणि चहाला."

"आणि शेवटी कोण जिंकतं?"

"पुष्कळदा कोणीच नाही," बाबा म्हणाले.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर मक्याची शेतं संपून गोदामं लागली, गोदामं संपून घरं लागली. मग ते म्हणाले, "त्यात मी टिकलो असतो."